पहिलं बाळंतपण कुठे

सरावलीत एका खोलीला कुलूप. बाहेर दोरीवर लहान मुलीचा फ्रॉक, तीन आठवडे तसाच.

चिंचणीहून डॉक्टरबाईच्या आईचा फोन : "सरकारी कामात कुणाशी वाकडं घेऊ नको गो."

बीपी एकशे साठ, एकशे दहा.

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते. इथेही, तिथेही.

आता सरळ सांगायचं तर झालं ते असं. बोईसरजवळच्या एका बंद पडलेल्या वसतिगृहात पोलिसांनी एकवीस माणसं आणून ठेवली होती, बांगलादेशी असल्याच्या संशयावरून. सीमेकडे न्यायच्या आधी प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला लागायचा : प्रवासास योग्य. त्यासाठी पालघरहून डॉक्टर दमयंती सावेला बोलावलं. ती नाहीच म्हणणार होती. मग वाटलं, आपण नाही गेलो तर दुसरा कुणी नुसत्या सह्या ठोकून जाईल. आपण निदान हात लावून तपासू.

वीस जणांना तिने योग्य लिहिलं. एकविसावी मोयना, सरावलीच्या त्या कुलूप लागलेल्या खोलीतली. कपड्यांच्या कारखान्यात धागे कापणारी, आठवा महिना, पायांवर सूज.

दमयंतीने नेहमीसारखं विचारलं, "पहला बच्चा किधर हुआ? मायके में?"

"हाँ दीदी, माँ के पास. सातखीरा के अस्पताल में. झटके आए थे. तीन दिन होश नहीं था."

दमयंतीचं पेन भराभर चाललं. सातखीरा सीमेपलीकडे. नर्स लाडकी मागून वाकून बघत होती.

"मॅडम, गावाचं नाव कशाला? झटके आले, येवढं बास हाय."

"अर्धवट केसपेपर मी कधी लिहिला नाही, लाडकी. पूर्ण लिहिलं की कुणाला खोडता येत नाही."

"तुमी हुशार. पण पोलिसालाबी वाचता येतंय."

शेवटी दमयंतीने ठळक लिहिलं : प्रवासास अयोग्य, रुग्णालयात हलवावे. सही केली. कित्येक दिवसांनी तिला स्वतःबद्दल बरं वाटलं.

निरीक्षक बळवंत यांनी कागद दोनदा वाचला. ते चिडतील असं तिला वाटलं होतं. ते हसले.

"अरे, डॉक्टरबाईंना चहा सांगा! मॅडम, तीन आठवडे डोकं फोडतोय आम्ही. बाई म्हणते आपल्या बंगालातल्या मुर्शिदाबादची, आणि तिथे दाखवते ते नवऱ्याचं घर. तुम्ही एका ओळीत माहेर काढलंत."

"ती माहिती उपचारासाठी आहे. कागद द्या इकडे, मी दुसरा लिहिते."

"आवक नंबर पडला. आता तो सरकारचा."

"ती प्रवास करू शकत नाही. ते वाचलंत का?"

"वाचलं की. राहू दे चार दिवस दवाखान्यात. बीपी उतरलं की दाखला द्यायला दुसरे डॉक्टर आहेत. पण इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही हो."

चहा आला. तिने घेतला नाही. त्याने काही बदललं नाही.

रुग्णवाहिकेत मोयनाने तिचा हात धरला. "दीदी, मैं बच गई ना?"

"पैर ऊपर रखो," दमयंती म्हणाली.

पाचव्या दिवशी बीपी उतरलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सही केली. मोयनाला घेऊन गाडी सकाळी सीमेकडे गेली. केसपेपरची प्रत फाइलीत सर्वांत वर होती.

तपासणीआधी दमयंतीने खोलीचं दार लोटून मोयनाला सांगितलं होतं, इथलं बोलणं इथेच राहतं.