खारीची प्रगती

"तुमची ही मुलगी आमचा अख्खा कार्यक्रम बुडवणार, बाई," समन्वयक म्हणाले आणि त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं.

ते विद्यापीठातून आले होते. 'गणित-विज्ञान आपल्या दारी' असं छापलेला पिवळाधमक टी-शर्ट त्यांनी शर्टावरूनच चढवला होता. त्यामुळे दारी आलेलं विज्ञान उशीच्या अभ्र्यात कोंबल्यासारखं दिसत होतं.

गणिताच्या बाईंनी समोरचा पेपर पाहिला. खारीचा पेपर. सतत पेन्सिल कुरतडते म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव, आणि मुलगीही त्याला खुशाल ओ द्यायची. वीसपैकी वीस.

"बरोबर आहेत की सगळी."

"तीच तर पंचाईत आहे."

मग साहेबांनी पंचाईत उलगडून सांगितली. आल्याआल्या मुलांची एक चाचणी घ्यायची, मग फुगे फोडायचे, नळकांड्यातून धूर काढायचा, दोन गाणी म्हणायची आणि जेवणानंतर तीच चाचणी पुन्हा. दोन्हींच्या गुणांतला फरक म्हणजे प्रगती. प्रगती दिसली की विद्यापीठ खूश, विद्यापीठ खूश की वरचे खूश. ज्या दोघांची प्रगती सर्वांत जास्त, त्यांना विद्यापीठाच्या निवासी शाळेत प्रवेश, राहणं-जेवण-शिक्षण सगळं फुकट. खारीने दुपारीही वीसच मिळवले होते. विसातून वीस गेले, शून्य. विद्यापीठाच्या हिशेबी ही पोरगी दिवसभरात काहीच शिकली नव्हती, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

पहिला मान वर्गातल्या ढोल्याने पटकावला होता. सकाळी पोट बिघडलं म्हणून तो कोरा पेपर टाकून पळाला होता. दुपारी पोट ठिकाणावर येताच नऊ गुण मिळवून तो विज्ञानाचा चमत्कार ठरला होता.

राहिली एक जागा. ती नाही मिळाली तर शाळा संपताच खार आत्याच्या लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहणार, हे घरात ठरलेलं होतं. आत्या वाईट नव्हती. तिने मुलीच्या उंचीचं टेबलसुद्धा बनवून घेतलं होतं.

येतंय म्हणूनच घ्या ना तिला, असं बाईंनी सुचवून पाहिलं. साहेबांना हसू आलं. "हुशार मुलं घेऊन आम्ही काय करणार, बाई? ती आधीच हुशार असतात." मग बिस्किटाचा चुरा झटकत त्यांनी एक कोरी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. मुलगी त्यांनाही हवीच होती, फोटोत एक लागतेच. "सकाळचा पेपर तिनं पुन्हा लिहिला तर? जरा मोकळेपणानं."

कपाच्या तळाशी झुरळ दिसावं तसं बाईंना झालं. या माणसाला काय काय सुनावायचं ते सगळं त्यांच्या डोक्यात क्रमवार तयार झालं, आणि ते अतिशय सुंदर होतं. तोंडातून मात्र "वेळ किती आहे?" एवढंच निघालं. तेव्हा कळलं की झुरळ कपात नव्हतंच, त्यांच्या जिभेवर होतं.

त्यांनी खारीला रिकाम्या वर्गात नेलं, दार लोटलं आणि हा पेपर चुकीचा सोडवायचा, असं सांगितलं. का, तेही सांगितलं. खारीने वाद घातला नाही. टेबल तिने पाहिलेलं होतं. ती बसली, पेन्सिल दातांत धरली आणि तशीच बसून राहिली.

"अगं, लिही ना."

"काय लिहू पण, बाई? बरोबर एकच असतं. चुका कितीतरी असतात."

बाईंना हसू फुटलं. पुढच्याच क्षणी त्या हसण्याचीही त्यांना किळस आली. कोराच देऊ का, असं खारीने विचारलं. पण कोरा ढोल्याचा होता. दोन कोरे दिसले तर वरचे विचारतात, असं साहेबांनी बजावलं होतं.

शेवटी बाई तिच्या शेजारी बसल्या आणि श्रुतलेखनाच्या सावकाश आवाजात सांगू लागल्या. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज, लिही, दोनशे अंश.

"दोनशे कशी होईल?"

"लिही."

थोड्या वेळाने खारीने विचारणं सोडलं. शेवटचे प्रश्न तर तिने आपले आपणच चुकवले, आणि इतके बेमालूम, की एका ठिकाणी बाईही फसल्या.

मग टाळ्या झाल्या. सकाळी या मुलीला साधा त्रिकोण माहीत नव्हता, असं साहेब माइकवरून म्हणाले. फुगे फोडल्यावर काय झालं ते आता तुम्हीच बघा, असंही म्हणाले. फोटोवाल्याने खारीला दोनदा चकित व्हायला लावलं. पहिल्यांदा ती पुरेशी चकित दिसत नव्हती.

आत्या लॉन्ड्री बंद करून आली होती. तिने डोळे पुसले आणि गर्दीतून वाट काढत बाईंना गाठलं.

"एका दिवसात एवढं शिकली पोरगी," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं तुम्ही काय शिकवत होता हो हिला?"

साहेब जवळच उभे होते. त्यांनी टी-शर्ट खाली ओढून नीट केला.

"मला नाही जमलं," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर उदाहरण घातलं आणि सवयीने खारीकडे पाहिलं. एरवी ती उभी राहायच्या आधी तिचं उत्तर येऊन पोचायचं. आज ती उभी राहिली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

"आत्ता बरोबर सांगायचं ना, बाई?" तिने विचारलं. उद्धटपणा नव्हता, अगदी शहाण्या मुलीसारखं विचारलं.

बाईंनी मान डोलावली. खारीने उत्तर सांगितलं. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं. मग वर्गाकडे पाठ करून, खारीच्या बाबतीत पहिल्यांदाच, ते बरोबर आहे की नाही हे त्यांनी स्वतः करून पाहिलं.