नावाच्या पिशव्या

माझ्या सत्तराव्या वाढदिवसाला मुलानं पुण्याहून एक कप पाठवला. त्यावर माझा फोटो. कुठल्याशा लग्नात जेवताना काढलेला, तोंडात घास आणि कपाळाला आठ्या. खाली छापलं होतं, 'जगातली सर्वांत गोड आई'. कपाचा कान इतका लहान, की माझी आखडलेली बोटं त्यात शिरेनात. सुनेनं फोनवर विचारलं, आवडला का? मी म्हटलं, फारच आवडला. आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. पण घरी येणारी प्रत्येक बाई तो खाली काढायची, फिरवून फिरवून बघायची आणि असा माझा पण करता येईल का, म्हणून विचारायची. आपला फोटो, आपलं नाव दिसलं की माणूस भाव करायला विसरतो, एवढं मला त्या कपानं शिकवलं.

मी सत्यशीला, निवृत्त शिक्षिका आणि दिग्रसच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सचिव. संघाचं नाव मोठं, जागा लहान. गावाबाहेरचा जकात नाका बंद झाला, त्याची खोली आम्हाला मिळाली. पत्र्याचं छप्पर, दोन पंखे, एक कॅरम आणि मागे बाभळीची रांग. पुरुष सदस्य अधूनमधून त्या बाभळींची खुशाली विचारून येत. अध्यक्ष डोमाजी हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्तीला सतरा वर्षं झाली, पण माणूस अजून बसस्टँडवरच बोलतो. चहा आला तरी तो 'लागलेला आहे' अशी घोषणा होते आणि आम्ही रांगेत उभे राहतो.

कार्यालयीन कामात मी चोख आहे. वार्षिक अहवालात मीच स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'महिला सदस्यांमध्ये उत्साहाचा अभाव दिसून येतो.' यादीत चौदा बायका, येणाऱ्या दोन-तीन, त्याही अर्ध्या तासात उठणाऱ्या. आणि हुस्नाबी तर दहा महिन्यांपासून फिरकलीच नव्हती.

हुस्नाबी आणि मी चौथीपासूनच्या. मला 'सत्ते' म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलंय. ती संघात आली की कॅरम बंद पडायचा, कारण सगळे तिच्या गोष्टी ऐकत बसायचे. मला वाटलं, रुसली असेल. कॅरमवरून आमचं एकदा वाजलं होतं. मी पण रुसून बसले. दोन म्हाताऱ्या एकमेकींवर दहा महिने रुसून बसतात, यात शहाणपण काही नाही, पण स्वभावाला औषध नाही. शेवटी मीच तणतणत तिच्या घरी गेले. बाहेर तिचे मियाँ गुलाम नबी शिलाई मशीन चालवत होते. आत ती टीव्हीसमोर एकटी बसली होती आणि मालिकेतल्या सुनेला सल्ले देत होती. वाळून गेली होती.

मी अहवाल वाचून दाखवावा तशी तक्रार वाचली. तिनं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"मास्तरीन झाली, पन् अक्कल नाही आली तुले," ती म्हणाली. "शुगर हाय मले. घंट्या-घंट्यानं जा लागते. तिथं जायची सोय कुठं हाय?"

मग तिनं सगळं सांगितलं. संघात यायचं त्या दिवशी ती सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. असं वर्षभर केलं. मग जळजळ सुरू झाली, ताप आला, चार दिवस सलाईनवर गेले. मला निरोप दिला नाही, कारण काय झालं ते सांगायचं कसं? मी म्हटलं, जवळच्या एखाद्या घरी जात जा. ती म्हणाली, रोज कोणाच्या दारात उभी राहू.

"डॉक्टर म्हनते पानी पी, अन् घरात बसू नोको, मानसात जा. दोन्ही एकदम कसं करू, तूच सांग."

तिनं पाणी निवडलं होतं आणि माणसं सोडली होती. मला इतकी लाज वाटली की मी चहा न घेताच उठले. उत्साहाचा अभाव म्हणे. लिहिणाऱ्या हाताला छडी मारावी असं वाटलं.

नगरपालिकेत अर्ज दिला, त्याची पोच मिळाली, बाकी काही मिळालं नाही. तेव्हा मला तो कप आठवला. दिवाळी तोंडावर होती, भेटी द्यायचे दिवस. मी बैठकीत मांडलं की आपण नावाच्या पिशव्या करून विकू. ज्याला द्यायची त्याचं नाव पिशवीवर, हातानं भरलेलं. पैसा कशासाठी, असं डोमाजींनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, संघाच्या सोयीसाठी. इथंच माझं चुकलं, पण ते पुढे कळलं.

पिशव्या शिवायचं गुलाम नबींनी आनंदानं कबूल केलं. नाव पेन्सिलीनं मी काढणार. राहिले टाके, त्यासाठी जमनीबाई. जमनीबाई जवळच्या तांड्यावरची. चाळीस वर्षं ती डोक्यावर सीताफळांची टोपली घेऊन दिग्रसच्या दारोदार फिरली. आता गुडघे बोलतात म्हणून पेन्शन घ्यायला आली की आमच्या ओट्यावर टेकते. डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला सुईचं नेढं माझ्या आधी दिसतं. आरसे, कवड्या, लाल-पिवळा दोरा, सगळं तिच्याच पेटीतलं. वाचता तिला अक्षरही येत नाही. मी काढलेल्या रेघांवरून ती सुई फिरवायची आणि कुरकुरायची, की मास्तरीनबाई, ह्या वेटोळ्यात मानूस कुठं दिसते?

आठवडाभर तिनं मुकाट काम केलं. मग कापडवाल्या बाबुलालची पिशवी आली. बाबुलालचा अंगठा गावात प्रसिद्ध आहे. कापड मोजताना तो मीटरपट्टीच्या टोकावर बसतो आणि दर मीटरमागे आपला वाटा घेतो. जमनीबाईनं नाव भरलंच, पण नावाखाली एक पट्टी काढली आणि पट्टीवर हा एवढा, वांग्याएवढा अंगठा. नखाच्या जागी आरसा. मी पाहिलं तेव्हा बाबुलाल दारात उभा होता. लपवायला वेळ नव्हता.

त्यानं पिशवी हातात घेतली. चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. पण सोबत त्याची बायको होती. ती जी हसायला लागली, ती ओट्यावर बसूनच राहिली. तीस वर्षं मी हेच सांगून राह्यली याले, असं म्हणत पदरानं डोळे पुसत होती. पिशवी तिनंच दुकानात गल्ल्यामागे टांगली. ती बघायला गिऱ्हाईक येऊ लागलं आणि त्या आरशाच्या अंगठ्यासमोर बाबुलालला खरा अंगठा वापरता येईना. गावात दिवाळीपर्यंत कापड पूर्ण मापाचं मिळालं.

मग काय विचारता. ज्याला त्याला जमनीबाईच्या हातची पिशवी हवी, आणि नावाखाली 'आपलं' चित्र हवं. चित्र बरं यावं म्हणून लोक तिला भजी आणून देत, गरम जिलेबी आणून देत. ती सगळं खायची आणि जे काढायचं तेच काढायची. एका सासूच्या पिशवीवर कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आला, त्या बाईंपेक्षा मोठा. एका गप्पिष्ट वकिलांच्या पिशवीवर पोपट आला आणि पोपटापुढे झोपलेली चार माणसं. आश्चर्य म्हणजे कोणी पिशवी परत केली नाही. कोणीतरी आपल्याला इतकं नीट पाहिलंय, याचंच माणसाला अप्रूप. घाटंजी, महागावहून लोक विचारायला आले, पण जमनीबाईनं साफ नाही म्हटलं. ज्याच्या दारात गेली नाही त्याचं मी काय काढू, असा तिचा सवाल होता.

पैसे जमले. आणि डोमाजींनी बैठकीत जाहीर केलं की या निधीतून संघाच्या दाराशी एक भव्य कमान उभी राहील. वर संघाचं नाव, खाली अध्यक्षांचं. पुरुषांनी माना डोलावल्या. मी उठून म्हणाले, आधी महिलांची सोय झाली पाहिजे. डोमाजी म्हणाले, कोणती सोय? पंखे आहेत, पाणी आहे, खुर्च्या आहेत. मी म्हटलं, तशी नाही, दुसरी. दुसरी कोणती, त्यांनी विचारलं. अगदी साधेपणानं विचारलं हो, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं.

आणि माझी जीभ उचलेना. चाळीस वर्षं पोरं माझ्यासमोर करंगळी वर करून उभी राहिली आणि मी त्यांना म्हणत आले, लाजायचं काय त्यात, स्पष्ट सांगायचं. आता वीस पुरुषांपुढे मला तो एक शब्द म्हणता आला नाही. कमान मंजूर झाली. मी घरी येऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी जमनीबाईला सगळं सांगितलं, हुस्नाबीचं पण. ती सुईत दोरा ओवत राहिली. डोमाजींच्या अमृतमहोत्सवाला पिशवी द्यायची होती, तिच्यावर नाव काढून दे, एवढंच म्हणाली.

सत्काराला सगळा संघ जमला. जेवण होतं म्हणून बायकाही आल्या. हुस्नाबी नव्हती. शाल झाली, नारळ झाला आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळलेली पिशवी डोमाजींच्या हाती दिली. नाव काढून दिल्यावर ती मी पाहिली नव्हती, जमनीबाईनं पाहू दिली नव्हती. त्यांनी ती उलगडून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

वर नाव आणि आरशाचा सूर्य. त्याखाली एक बाभूळ, पिवळ्या फुलांची, काटा न काटा भरलेला. बाभळीकडे तोंड करून एक माणूस उभा, पाठमोरा, दोन्ही हात पुढे. डोक्यावर टोपी, गळ्यातली शिट्टी मागे पाठीवर टाकलेली. आणि खाली पिशवीच्या काठाला ओळीनं बायका. कोणी लुगड्यात, कोणी घागऱ्यात, एक बुरख्यात. सगळ्या उभ्या.

मागून कोणीतरी खुदकन हसलं, बहुतेक गुलाम नबीच. डोमाजींनी चष्मा लावला. पिशवी जवळ घेऊन बराच वेळ पाहिली. मला वाटलं, आता संघ फुटतो.

"जमनीबाई," ते म्हणाले, "हा मी हाय, ते समजलं. ह्या बाया काहून उभ्या हायेत?"

"त्याइले झाड नाही, सायेब," जमनीबाई म्हणाली.

तेव्हा मी उठले. माझा आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. "संडास पाहिजे आम्हाला," मी म्हटलं. "बसायची खुर्ची असलेला, धरायला दांडी असलेला, आतून कडी लागणारा संडास. हुस्नाबी त्याच्यापायी वर्षभर घरात बसलीय." बायकांच्या बाजूनं टाळ्या पडल्या. उत्साहाचा अभाव मला तरी कुठे दिसला नाही.

डोमाजी हळूच खाली बसले. बोलले तेव्हा घोषणेचा आवाज नव्हता.

"स्टँडवर बाया मले विचारत जात, 'सायेब, गाडी किती वेळ थांबते?' मी सांगत जाओ, पाच मिनिटं. तीस वर्षं सांगतलं. त्या कायले विचारत होत्या, ते आज समजून राह्यलं मले."

मग ते उभे राहिले, घसा साफ केला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सदस्यांनी नोंद घ्यावी. कमान नावाची गाडी रद्द करण्यात आलेली आहे." मी त्या माणसावर पंधरा दिवस रागावले होते. तो राग तिथंच गेला.

पुढचं काम डोमाजींनी अंगावर घेतलं. गवंड्याच्या मागे ते असे लागले की गवंडी त्यांना पाहून लपायचा. संक्रांतीच्या आधी सगळं तयार झालं. पांढऱ्या फरशा, खुर्चीचं भांडं, भिंतीला स्टीलची दांडी, नळाला पाणी. दारावर नाव कोणाचं लिहायचं, हा प्रश्न या वेळी कोणीच काढला नाही.

उद्घाटनाला दाराला लाल फीत बांधली. डोमाजी कात्री घेऊन उभे, मी नारळ घेऊन, बाकीचे फुलं घेऊन. तेवढ्यात ऑटो थांबला आणि गुलाम नबींच्या हाताला धरून हुस्नाबी उतरली. घरून पाण्याची पूर्ण बाटली पिऊन आली होती, असं तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. डोमाजींनी भाषणाचा कागद काढला. तिनं त्या कागदाकडे पाहिलं, फितीखालून वाकली, आत गेली आणि कडी लावून घेतली.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली. दहा झाली. डोमाजी घड्याळाकडे बघायचे आणि लगेच नजर दुसरीकडे वळवायचे. तिच्या अंगात आधीच ताकद नव्हती, पडलीबिडली तर नाही ना, म्हणून माझा जीव घाबरा झाला. मी दार वाजवलं आणि विचारलं, हुस्ना, बरी आहेस ना?

"बरी हाय," आतून आवाज आला. "सव्वा वर्षानं बाहेर निघाली, सत्ते. निवांत बसू दे मले."

मला हसू आलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम. मी वळून सांगितलं की वेळ लागेल. डोमाजींनी कात्री खिशात घातली, मागचे हळूहळू ओट्यावर टेकले आणि आम्ही सगळे नारळ-फुलं घेऊन तिची वाट पाहत बसलो.