रिकामी गेलेली गाडी

गोरक्षचा फोन आला तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. गोरक्ष माझा मेहुणा, केडगावला असतो. माझी बायको विजयमाला कुरडया करायला दोन दिवसांपूर्वी तिकडे, माहेरी गेली होती. मी राहुरीच्या घरी एकटाच चहाचं भांडं घासत होतो.

"दाजी, ताईला बरं नाही. तुम्ही या," तो म्हणाला.

"काय होतंय तिला?"

"या तुम्ही. सावकाश या. गाडी घेऊ नका, एस्टीनं या."

माणूस आजारी असेल तर लवकर या म्हणतात. सावकाश या म्हणाला, म्हणजे घाई करून आता उपयोग नव्हता. शिवाय गोरक्षनं 'दाजी' म्हटलं की पुढे एखादा टोमणा असतोच. आज नव्हता. मला तिथेच कळलं. भांडं धुऊन पालथं घातलं, गॅस बंद आहे का बघितलं, कपाटातून प्लास्टिकची फाईल काढली आणि स्टँडवर गेलो.

फाईलमध्ये आमचे दोघांचे देहदानाचे फॉर्म होते.

मी राहुरीच्या विद्यापीठात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होतो. माती वाळवायची, कुटायची, चाळायची. पिकाची पानं आली की ती भट्टीत जाळायची आणि राखेत काय काय आहे ते मोजायचं. पान उसाचं असो की डाळिंबाचं, भट्टीतून पांढरी राखच निघते. त्यात पालाश, चुना, स्फुरद. जळताना जे उडून जातं त्याचाही हिशेब लागतो. हिशेबाबाहेरचं काही मला कधी सापडलं नाही. जे आहे ते पदार्थ आहे आणि जीव म्हणजे त्या पदार्थाचं चालू असणं, असं माझं मत झालं. ते आजही तसंच आहे. आईनं मढीच्या नाथांना नवस बोलून माझं नाव कानिफनाथ ठेवलं होतं, त्यावरून प्रयोगशाळेतले लोक मला चिडवायचे.

श्रीरामपूरचे अंगद मास्तर देहदानाचं काम करतात. त्यांच्या कार्यक्रमांत मी बोलायचो. माझं एक उदाहरण ठरलेलं होतं. पंखा बंद केला की त्याचं फिरणं कुठे जातं? कुठेच जात नाही, थांबतं. माणसाचंही तसंच. लोक माना डोलवायचे.

विजयमालानं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरी येताना एस्टीत म्हणाली, "अहो, पंख्याचं बटण परत दाबता येतं."

"म्हणजे काय म्हणणं आहे तुझं?"

"काही नाही. दुसरं उदाहरण शोधा."

ती अंगणवाडी सेविका होती. चतुर्थी करायची, देवीला जायची. मी तिला म्हणायचो, तुझ्या उपासानं देवाला काही मिळत नाही, बटाटेवाल्याला मिळतं. ती म्हणायची, बटाटेवाल्यालाही पोरंबाळं आहेत. सहा वर्षांपूर्वी मी देहदानाचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा तिनं स्वतःहून दुसरा फॉर्म मागितला. मला नवल वाटलं. त्याच्या वर्षभर आधी ती दवाखान्यात होती तेव्हा एका शिकाऊ डॉक्टर मुलीला तिची शीर सापडत नव्हती. पाच वेळा टोचलं. हात निळा झाला आणि शेवटी ती मुलगीच रडायला लागली. विजयमाला म्हणाली, "शिकणार कशावर ही पोरं? माझ्यावर शिकू द्या. तेव्हा मला दुखणार पण नाही."

"आणि आत्म्याचं काय?" मी मुद्दाम विचारलं.

"आत्म्याचं मी बघते. शरीराचं तेवढं तुम्ही बघा. नक्की?"

"नक्की," मी म्हणालो. तिच्या फॉर्मवर पहिला नातेवाईक म्हणून माझी सही आहे. माझ्या फॉर्मवर तिची.

एस्टीतूनच मी अंगद मास्तरांना फोन लावला. त्यांना वाईट वाटलं, पण ते काम समजणारे आहेत. डॉक्टरचा दाखला घेऊन ठेवा म्हणाले, मेडिकल कॉलेजशी मी बोलतो, गाडी घेऊन दीडपर्यंत पोहोचतो, चारच्या आत तिकडे पोहोचवलं पाहिजे. मी बरं म्हणालो. विळद घाटापर्यंत मी पुढच्या कामांचा विचार करत होतो. माझं डोकं नीट चालू होतं.

केडगावच्या घरी साडेअकराला पोहोचलो. गच्चीवर प्लास्टिकच्या कागदावर अर्ध्या भागात कुरडया घातलेल्या होत्या, अर्धा कागद रिकामा होता. सकाळी तिनं चीक घोटला, दोन ओळी घातल्या, दमले म्हणाली, भिंतीला टेकून बसली आणि पाणी मागितलं. गोरक्षची बायको पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर येऊन दाखला लिहून गेले होते. हृदयाचा झटका.

तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. माहेरची हिरवी साडी नेसवली होती, हातात हिरवा चुडा भरला होता. तिची आई, आक्काबाई, उशाशी बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे. पाठीला बाक आहे, पण घरात शब्द तिचाच चालतो.

मी गोरक्षला बाजूला घेऊन फाईल दाखवली. त्यानं वाचली आणि परत माझ्या हातात दिली.

"दाजी, हे तुमचं खूळ तुमच्यापाशी ठेवा. माझ्या बहिणीला टेबलावर टाकून चिरायला न्यायची नाही. दहाव्याला काय ठेवू मी? सावडायला काय जाऊ? रिकाम्या हातानं?"

"तिची सही आहे."

"तुम्ही पढवली असेल."

हे आक्काबाईंच्या कानावर गेलं. त्यांनी तिथूनच हाक मारली. "ए गोरक्षा, हिकडं ये. काय भांडता रं मढ्यावरून?"

गोरक्षनं सांगितलं. माझी खात्री होती की म्हातारी छाती पिटणार. मी समजावण्याची वाक्यं मनात जुळवत उभा राहिलो.

"मला ठावं हाय त्ये," आक्काबाई म्हणाल्या. "दिवाळीला आल्ती तवाच बोलली. म्हनली, आये, मी मेल्यावर पोरं शिकत्याल माझ्यावर, तू आडवी पडू नको. मी म्हनलं, मी कशाला ऱ्हाती तुझ्या माघारी? तर ऱ्हायले बघ." त्यांनी लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "न्या म्हनावं. ती हितं हाय कुटं आता? गेली ती. ह्ये निस्तं माघारी ऱ्हायलंय. कुनाच्या कामाला येत आसंल तर येऊ द्या."

आईच्या शब्दापुढे गोरक्ष जात नाही. अडचण मिटली होती. गाडी यायला दीड तास होता. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

तिच्या टाचांना भेगा पडायच्या. मेणबत्तीचं मेण खोबरेल तेलात वितळवून ती भेगांत भरायची. आदल्या रात्री भरलेलं मेण डाव्या टाचेत तसंच होतं. उजव्या हाताच्या अंगठ्याला चीक लागून वाळला होता. अंघोळ घालतानाही निघाला नव्हता. विळीवर कापलेलं बोट, त्याच्या शेजारी तळणाच्या तेलाचा डाग. मी हे सगळं चाळीस वर्षं बघत होतो.

आक्काबाई म्हणाल्या होत्या, ती इथे कुठे आहे. त्यांच्या दृष्टीनं बरोबर होतं. त्यांची मुलगी कुठेतरी गेली होती, मागे कपड्यासारखं काहीतरी राहिलं होतं, ते द्यायला त्यांना जड नव्हतं. पण मी काय म्हणत आलो होतो? मीच म्हणत आलो होतो की याच्याशिवाय दुसरं काही नसतं. मग ती गेली कुठे? कुठेच नाही. जी काही होती ती हीच होती. आमटीत मीठ किती हे माहीत असलेलं ते हे डोकं. मला "अहो, दुसरं उदाहरण शोधा" म्हणाला तो हा घसा. चालणं थांबलं होतं, पण जे चालत होतं ते हेच होतं. बाकीच्यांकडे तिला पाठवायला एक जागा होती. माझ्याकडे फक्त ही टाच होती.

दीडला अंगद मास्तर आले. गाडी दारात लावली, ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं, स्ट्रेचर काढलं. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फॉर्म आणि दाखला द्या. आणि इथे एक सही."

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"नेऊ नका तिला."

गोरक्षही माझ्याकडे बघत राहिला. मास्तरांना वाटलं, घरच्यांचा दबाव आहे. ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "कोण विरोध करतंय? मी बोलतो त्यांच्याशी."

"कुणी नाही. मीच."

"कानिफराव, भाषणं तुम्ही दिलीत. माझ्या गावातल्या अकरा लोकांनी तुमचं ऐकून फॉर्म भरले. आत्मा नाही, परलोक नाही, मग अडचण कसली?"

"तेच ना. नाही म्हणूनच."

"म्हणजे?"

"असता तर दिली असती."

त्यांना ते कळलं नाही. मला तरी तेव्हा नीट सांगता येत नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं, आणखी अर्धा तास थांबले, दोनदा विचारलं. मग ड्रायव्हरनं स्ट्रेचर आत सरकवलं आणि गाडी रिकामी गेली. साठ-पासष्ट किलोमीटर आले होते. जाताना मास्तर म्हणाले, "ताईंचा फॉर्म होता, तुमचा नव्हता."

पुण्याहून आमची मुलगी पोहोचल्यावर पाच वाजता अमरधामला नेली. अग्नी मी दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कॉलेजात ती वर्षभर तरी राहिली असती, इथे तीन तासांत राख होणार. चिरणं मला सहन होत नव्हतं आणि जाळणं मी स्वतःच्या हातानं केलं. याचं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही. सगळे जाळतात म्हणून जमलं असावं, एवढंच म्हणता येईल.

दहाव्याला मी केस काढले नाहीत, पण जाऊन उभा राहिलो. पाहुणे खूश होते. गोरक्ष चारचौघांत म्हणाला, "ताईनं जाता जाता दाजींना माणसात आणलं. आता पुढच्या चतुर्थीला खिचडी खायला या." लोक हसले. एका म्हाताऱ्यानं माझी पाठ थोपटली, शेवटी देव आठवतोच म्हणाला. देव आठवला असता तर ती मास्तरांच्या गाडीतून गेली असती, हे कोणाला पटणार होतं?

निघताना आक्काबाईंनी मला आत बोलावलं. स्टीलच्या डब्यात कुरडया भरून ठेवल्या होत्या. वाळलेल्या, त्या दिवशीच्या दोन ओळी.

"पाव्हनं, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"लोकं म्हनत्यात तुमी सुदारलं. मला न्हाई तसं वाटत. तुमाला वाटलं ती तितंच हाय. व्हय ना?"

मी मान हलवली.

"मग लई कठीन हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "आमचं बरं हाय त्यापरीस. पन तुमी माझ्या लेकीचा सबुद मोडला. गोरक्षानं मोडला आसता तर त्याला बडवला आसता म्या. तुमाला काय करू? जावाई हाय."

"चुकलं माझं."

"निस्तं चुकलं म्हनून भागत न्हाई. तुमचा बी कागद हाय ना तसा? मग तिच्या जागंवर तुमी जा. सबुद ऱ्हाईल तिचा."

डबा घेऊन मी राहुरीला आलो.

दुसऱ्याच आठवड्यात मास्तरांकडून नवा फॉर्म मागवला. जुन्यावर पहिली सही विजयमालाची होती आणि ती आता नाही, म्हणून दुसऱ्या जवळच्या नातेवाइकाची सही लागते. मास्तरांनी फॉर्म पाठवला, सोबत चिठ्ठी पाठवली नाही. आम्हाला एकच मुलगी, स्नेहल. पुण्याला नोकरी करते. महिन्याच्या शेवटी ती आली तेव्हा मी तिच्यापुढे फॉर्म ठेवला.

तिनं तो दोन्ही बाजूंनी वाचला. "पप्पा, मी सही करीन. पण वेळ आली की गाडीत घालायला मीच असणार ना तिथे?"

"हो."

"तुम्हाला जमलं होतं?"

"नाही."

"मग मला कसं जमेल? मी तर तुमच्यासारखी विचारानं पक्की पण नाही."

"पक्कं असण्याचा काही उपयोग होत नाही," मी म्हणालो. "उलट त्यामुळेच अडलं. तू तुझ्या आजीसारखा विचार कर. मी गेलो, मागे काहीतरी राहिलंय, ते कामाला येईल."

"पण ते खोटं आहे असं तुम्हीच मला लहानपणापासून सांगितलंय."

"सांगितलंय."

"आणि आता ते खरं समजून सही कर म्हणता?"

ती उठली, कढई ठेवली आणि आईच्या डब्यातल्या चार कुरडया तळल्या. आम्ही दोन-दोन खाल्ल्या. मीठ बरोबर होतं. विजयमालाच्या हाताचं त्यात जे होतं ते एवढंच, मोजून मीठ आणि घोटलेला गहू, असं मला वाटलं. तेवढंही पुष्कळ वाटलं.

स्नेहल रविवारी पुण्याला गेली. त्यानंतर दोनदा येऊन गेली. फॉर्म कुरडयांच्या डब्याखाली आहे. माझं नाव, वय, पत्ता, रक्तगट, सगळं लिहून झालंय. डब्यात सतरा कुरडया शिल्लक आहेत. फॉर्मवर स्नेहलची सही अजून झालेली नाही.