उपाशी चोर

जुन्या संगीत नाटकांवरून मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक लिहायचं खूळ अरुणाकाकूंनी डोक्यात घेतलं, तेव्हा त्यांचे यजमान नेमगोंडा हसले होते. "नाटक बघायचं असतंय. वाचून दाखवलंस तर पोरं उठून जातील की," त्यांनी सांगून टाकलं. ते बोलणारच. बावड्याच्या हौशी मंडळात ऐन उमेदीत चोराचं काम गाजवलेला माणूस तो. काकूही हट्टाला पेटल्या. त्याच चोराच्या नाटकाची गोष्ट गल्लीतल्या पोरांना वाचून दाखवते, एक जरी पोर मधेच उठून गेलं तर पुस्तकाचा नाद सोडते, असं बोलून बसल्या. 

रविवारी दुपारी ओसरीवर पोरं जमली. काकूंनी चष्मा लावून वाचायला घेतलं. राजवाड्यात मेजवानी झाली. दिवस मावळायच्या आत सगळे जेवून उठले, भांडी घासून पालथी पडली. मग अंधारात चोर आला.

"थांब," नेमगोंडा खुर्चीतून म्हणाले. "मेजवानी रात्रीची हाय. चोर वाढप्याच्या वेशात पंगतीत शिरतोय, तिथंच तलवारी निघत्यात. जेवणंच उरकली तर शिरणार कुठं? माझा सगळा प्रवेश घालवलास की."

काकूंचं तोंड उतरलं. जन्मात कधी दिवेलागणीनंतर जेवल्या नव्हत्या, आणि लिहिता लिहिता राजालाही जैनांच्या पंगतीला बसवून मोकळ्या झाल्या होत्या. त्यात शेजारची राजनंदिनी चपला शोधू लागली. संपलं आपलं पुस्तक, काकूंना वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

"म्हणजे चोर उपाशीच?" एक चप्पल हातात धरून राजनंदिनीनं विचारलं.

काकूंनी कागद बाजूला ठेवले. "उपाशी नाही तर काय. राणीला म्हणाला, चोरीचं राहू दे बाई, आधी भाकरी वाढा. राणी म्हणाली, आमच्यात रात्री चूल पेटत न्हाय. उजाडेपर्यंत बस."

"आणि बसला?"

"भुकेला माणूस जातोय कुठं? सकाळी शिपाई आले, तर हा ताट मांडून तयार."

पोरं हसून लोळली. राजनंदिनी चप्पल टाकून पुढं येऊन बसली.

नेमगोंडांना तलवार गेल्याचं दुःख होतंच. शेवटी त्यांनीही खुर्ची पुढं ओढली.

"बरं," ते म्हणाले, "नाष्ट्याला काय दिलंस मला?"