बासष्टचा हिरवा आकडा

कंपायलरला शिव्या घालणारे लोक पायलने ढिगाने पाहिले होते. पण कंपायलरचं तोंड दाबून वर त्याची फुशारकी मारणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला, आणि तोही नेमका तिचा साहेब, अनीश!

अंबरनाथच्या एमआयडीसीतली ही रंग बनवणारी कंपनी. तिथल्या रिअ‍ॅक्टरांचं, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाक्यांचं, तापमान दाखवणाऱ्या पडद्याचा प्रोग्राम पायलने लिहिला होता. ज्या भाषेत लिहिला तिची रीतच अशी, की एक आकडा हलला की त्याच्यावर टेकलेलं सगळं आपोआप हलतं. तापमान पंचाहत्तरच्या वर गेलं की पडदा लाल, भोंगा चालू. कुणी बटण दाबायची वाट बघायची नाही. आणि लिहिलेलं तपासून त्याचा चालता प्रोग्राम करणारा तिचा कंपायलर म्हणजे महाखडूस! काळ्या खिडकीत कमांड टाकली की आधी सगळं उकरून बघणार. तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून आकडा आलाच नाही तर काय करायचं, ते सांगितल्याशिवाय प्रोग्राम बनवूनच देणार नाही. पायलने सरळ लिहिलं होतं: आकडा नाही, तर भोंगा. का नाही लिहिणार? तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरवर तिचे बाबा उभे असत. रामभाऊ, सव्वीस वर्षं तिथेच.

गुरुवारी सकाळी तिने फाइल उघडली तर ती ओळ गायब. तिच्या जागी दुसरीच: आकडा नाही, तर मागचाच दाखव.

"सर, हे कुणी केलं?"

"मी. काल संध्याकाळी. प्लँटवर टाकलं पण," अनीश चहाचा घोट घेत म्हणाला. "तीन नंबरची वायर ढिली आहे, शिफ्टला पाच-पाच वेळा भोंगा. अकराला मोठे साहेब बघायला येतायत, त्यांच्यासमोर बोंबलू दे का? तुझी ओळ नुसती काढली तर तुझा कंपायलर अडून बसला. मग ही दिली. झाला ना गप पास!"

"वायर ढिली आहे तर वायर लावायची ना, सर!"

"टेन्शन नको घेऊस गं. मागचा आकडा पण खराच असतो की."

पायलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मेलेल्या माणसाची कालची नाडीसुद्धा खरीच असते, सर!"

अनीश हसला. हसला! मेल्याला हसायला काय जातंय? रिअ‍ॅक्टरजवळ त्याचा बाप थोडाच उभा होता.

अकरा वाजता मोठे साहेब देवदत्त प्लँटवर आले. पडद्यावर बासष्ट, हिरवंगार. साहेबांनी मान डोलावली, अनीश खुलला. पायलला राहवलं नाही.

"साहेब, एक मिनिट. बाबा, सेन्सरची वायर काढा जरा. पडदा काय करतो ते साहेबांना बघू दे."

अनीशने डोळे वटारले, पण रामभाऊ वाकलेसुद्धा. वाकले ते तसेच राहिले.

"काढायची कशाला? ही तर निघालेलीच आहे."

पडद्यावर बासष्ट. हिरवंगार.

रामभाऊंनी बाहीने रिअ‍ॅक्टरवरच्या जुन्या काट्याच्या गेजची काच पुसली आणि ओरडले, "एक्क्याऐंशी!" धावत जाऊन त्यांनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. काटा हळूहळू खाली यायला लागला. पंचाहत्तरला आला तेव्हा पायलला कळलं, की आपण बाबांचा शर्ट मागून घट्ट धरलाय.

"भोंगा का नाही वाजला?" देवदत्त साहेबांनी विचारलं.

"वाजत होता, साहेब. काल काढून टाकला," पायल अनीशकडे बघत म्हणाली. अनीश 'मेंटेनन्सचा प्रॉब्लेम' असं काहीतरी पुटपुटला.

"पण बाबा, तुम्ही काट्याकडे बघितलं कसं नाही? सव्वीस वर्षं बघताय ना!"

रामभाऊंनी तासातासाच्या नोंदींची वही उघडून दाखवली. आठला बासष्ट, नऊला बासष्ट, दहाला बासष्ट. "पडद्यावर बघून लिहिलं. म्हटलं, माझ्या पोरीने बनवलाय, आता काटा कशाला बघायचा."

पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचंच. तिने लॅपटॉप तिथेच पिंपावर ठेवला, आपली ओळ परत लिहिली, कमांड टाकली. कंपायलरने हूं की चूं केलं नाही. तिने प्रोग्राम प्लँटवर चढवला आणि भोंगा बोंबलायला लागला.

"अगं बंद कर ते!" अनीश कानांवर हात ठेवून ओरडला.

"वाजू द्या, साहेब. आधी वायर लावा," रामभाऊ म्हणाले, आणि वहीतल्या तिन्ही बासष्टांवर त्यांनी काट मारली.