कठड्यावरचे तीन ठोके

“काम?”

“सुतार.”

“किती वर्षं?”

“एकतीस. आठ महिन्यांनी निवृत्त होतोय.”

“तेवढंच विचारलंय,” कारकून म्हणाला आणि टंकू लागला.

*लिहिलं गेलं:* साक्षीदार मुलींच्या वसतिगृहात एकतीस वर्षांपासून सुतार आहे.

*लिहिलं गेलं नाही:* एवढ्या वर्षांत त्याला नावाने कोणी हाक मारलेली नाही. सुरुवातीला तो दादा होता, मग काका झाला, आता मामा. “अजून थोडे दिवस राहिलात तर आजोबा होऊन बाहेर पडाल,” बायको म्हणते.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषाने वर जाताना वर्दी द्यायची असते. पहिल्या दिवशी त्याला ओरडायची लाज वाटली. म्हणून त्याने जिन्याच्या लोखंडी कठड्यावर हातोडीने तीन ठोके मारले. तेव्हापासून तीच पद्धत पडली. ठोके ऐकले की मुली दारं लोटून घेतात आणि तो वर जातो.

समितीत तिघं होते. मधल्या खुर्चीत कायदा शिकवणाऱ्या बाई. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सभागृहात रॅगिंगच्या कायद्यावर त्याच बोलल्या होत्या. नुसतं नाचायला लावणं, कपडे धुवायला लावणं, हासुद्धा छळच; आणि पाहून गप्प बसणाराही जबाबदार. शेवटी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, माळ्यापासून सुतारापर्यंत. त्याने सही केली, पण त्याचं सगळं लक्ष बाईंसमोरच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाकडे होतं.

“प्रकरण माहीत आहे ना?” बाईंनी विचारलं.

माहीत होतं. बाहेर बाकावर चष्मेवाली बसली होती. पहिल्या वर्षाची. शेजारी तिचे वडील, पायाशी बॅग. तिची तक्रार अशी होती, की मोठ्या मुलींनी तिला आपले कपडे धुवायला लावले आणि गच्चीलगतच्या वाळवणाच्या खोलीत ओल्या कपड्यांसकट कोंडलं. कपडे वाळेपर्यंत बाहेर यायचं नाही म्हणाल्या. वर पत्रा, खिडकी नाही. गुरुवारी दुपारी बारा ते साडेचार. दार उघडलं तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती.

मोठ्या मुलींची पुढारी म्हणजे ताई. शेवटच्या वर्षाची, वसतिगृहाची प्रतिनिधी. तिचं उत्तर एका वाक्यात होतं: “त्या दाराला बाहेरून कडीच नाही, तर कोंडणार कशी?”

सकाळी समितीने जाऊन दार पाहिलं. कडी नव्हती. कडीची खूणही नव्हती. तक्रार खोटी ठरली तर चष्मेवालीचं नाव कमी होणार होतं.

“आम्ही तुम्हाला एकच विचारायला बोलावलंय,” बाई म्हणाल्या. “त्या दाराला कधी बाहेरून कडी होती?”

सकाळी डबा भरताना बायको म्हणाली होती, “कार्यालयाच्या चिठ्ठीशिवाय काम केलंत, हे कळणारच की.”

“कळेल.”

“गप्प बसा असं म्हणत नाहीये मी.” तिने झाकण दाबलं. “फक्त आठ महिने राहिलेत, एवढं सांगतेय.”

“होती,” तो म्हणाला. “मीच लावली होती.”

कारकुनाचे हात थांबले.

*लिहिलं गेलं:* सोमवारी साक्षीदाराने कार्यालयाच्या चिठ्ठीशिवाय, ताईच्या सांगण्यावरून, दाराला बाहेरून कडी लावली. शुक्रवारी सकाळी तिच्याच सांगण्यावरून काढली.

*लिहिलं गेलं नाही:*

“मामा, वाऱ्याने दार आपटतं हो. अभ्यास होत नाही.”

“चिठ्ठी आण कार्यालयातून.”

“चिठ्ठीला आठ दिवस लागतात. तुम्हाला दहा मिनिटं लागतात. आणि तुमच्या हाताची सर कोणाला आहे का, सांगा?”

त्याला खरंच दहा मिनिटं लागली. वाऱ्यासाठी कडी बाहेरूनच कशाला, हे त्याने विचारलंच नाही. हाताची सर ऐकून तो आधीच खूश झाला होता.

शुक्रवारी ताई पुन्हा आली. चेहरा उतरलेला. “काढून टाका मामा. आणि भोकं दिसली नाही पाहिजेत हं. कार्यालयात रागावतील.”

“माझं काम कधी दिसलंय?” तो म्हणाला होता.

“पण खूण तर नाही,” समितीतले दुसरे गृहस्थ म्हणाले. “मी स्वतः बोट फिरवून पाहिलं.”

“बोटाला नाही कळायचं, साहेब. चला, दाखवतो.”

सगळे वर गेले. चष्मेवालीचे वडीलही मागून आले. मुली दारांतून बघत होत्या. ताई जिन्याजवळ भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे न पाहता तो दारापुढे उकिडवा बसला. पिशवीतून बारीक पटाशी काढली. दारावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले, चावी चाचपडावी तसा तळवा सरकवत नेला. मग एका जागी पटाशी टेकवून हलकेच हातोडी मारली. रंगाचा पापुद्रा उडाला. आतून भोक बुजवायला ठोकलेली लाकडाची गोल गुळी निघाली, करंगळीच्या नखाएवढी. रेषांना रेषा जुळवून बसवलेली, सरस लावून घासलेली. मग दुसरी निघाली. दारात चार, चौकटीत दोन.

“केवढं सफाईदार काम,” गृहस्थ नकळत बोलून गेले.

“हो ना,” तो म्हणाला. “तेच तर.”

सहा गुळ्या त्याने बाईंच्या हातावर ठेवल्या. ताई रडायला लागली. “मामा, तुम्हीसुद्धा?” एवढंच म्हणाली. त्याने पटाशी पुसून पिशवीत ठेवली.

खाली येऊन बाई म्हणाल्या, “सही करा. झालं तुमचं.”

“नाही झालं. अजून एक लिहा.”

“आम्ही विचारलं ते तुम्ही सांगितलंत.”

“हे कोणी विचारणार नाही, म्हणून सांगतो. गुरुवारी दुपारी मी आलो होतो. दुसऱ्या मजल्यावर खिडकी अडकली होती. नेहमीसारखे तीन ठोके मारले. तर वरून तीन ठोके आले.”

त्याने बोटाच्या पेराने टेबलावर वाजवून दाखवलं.

“ठक, ठक, ठक. माझ्यासारखेच. पायरीवर पोरी बसल्या होत्या, हसायला लागल्या. ‘मामा, भूत आहे वर!’ मीपण हसलो. पुन्हा ठोकलं. पुन्हा आले. मग मी खिडकी नीट केली आणि घरी गेलो.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “किती वाजले होते?”

“दोन.”

म्हणजे दार उघडायला अजून अडीच तास होते. दाराशी चष्मेवालीचे वडील उभे होते. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले, मग बाहेर मुलीजवळ जाऊन बसले. त्याला वाटलं होतं, काहीतरी बोलतील.

*लिहिलं गेलं:* वरीलप्रमाणे. वाचून दाखवलं, बरोबर आहे.

ताई आणि आणखी तिघींना काढलं, पोलिसांत तक्रार गेली. चष्मेवाली राहिली. सुताराला मेमो मिळाला, त्याची वसतिगृहातून भांडारात बदली झाली. भांडारात मोडक्या खुर्च्या असतात, जिना नसतो. जाण्याआधी एकच काम करायचं होतं: समितीच्या आदेशाप्रमाणे वाळवणाच्या खोलीचं दारच काढून आणायचं. या वेळी रीतसर चिठ्ठी होती.

त्याने कठड्यावर तीन ठोके मारले. वर दारं लोटल्याचे आवाज झाले, मग शांत झालं. तो तिथेच उभा राहिला.

पायरीवर एक मुलगी वही घेऊन बसली होती. “या ना मामा. सगळ्यांनी दारं लावली.”

“हो.”

“मग थांबलात का?”

“ऐकतोय,” तो म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ ऐकून वर गेला.