शिवाचं पान

गावात हळद लागली आणि गोजराला बोलावणं गेलं नाही, असं कधी झालं नाही. ती धवलारीण. लग्नघरी बसून धवले गायची आणि गाता गाता त्या घरातल्या मेलेल्या माणसांना नावानिशी हाक मारून मांडवात बोलवायची. तिला सहीपुरतंसुद्धा अक्षर येत नव्हतं, पण सबंध गावाच्या सात-सात पिढ्या तिला तोंडपाठ. आणि एवढी मंडळी सांभाळणारी बाई स्वतः मात्र एकटी! नवरा गोटीराम तरणाताठा असताना खाडीत बुडून गेला. पोटी पोर नाही, दीर नाही, जाऊ नाही. बांधाला टेकलेलं घर आणि दारातली तुळस, एवढाच तिचा गोतावळा. तिन्हीसांजेला बोलायला कुणी नसायचं म्हणून ती तुळशीशी बोलायची. तुळस काय बोलणार, कपाळ!

हाक मारलेल्या प्रत्येकाच्या नावानं केळीचं पान मांडायचं, त्यावर भात-वडा वाढायचा, अशी रीत. घरच्या माणसांची पानं माजघरात. सगळ्यांत शेवटचं पान शिवाचं. खाडी अडवून पहिला बांध घालणारा, ज्याच्यामुळे गाव वसलं, तो हा शिवा. त्याला घरोघरी हाक मारायचीच, पण गावाचा वडीलधारा म्हणून, पाहुणा म्हणून. त्याचं पान ओटीवर.

त्र्याऐंशी साली गावाभोवती मोजणीचे खांब रोवले गेले. शेती तर आधीच नव्या शहरासाठी गेली होती, पलीकडे कोपरखैरण्याला इमारती उठत होत्या. आता नकाशात गावाभोवती एक रेघ आली आणि बांधालगतची सत्तावीस घरं रेघेच्या बाहेर पडली. कचेरीतून निरोप आला: घर राखायचं असेल तर गाव वसवणाऱ्या मूळ वस्तीकऱ्याचे वंशज असल्याचं दाखवा, वंशावळ आणा. नाहीतर संक्रांतीनंतर घर खाली.

वंशावळ म्हटल्यावर सगळे गोजराकडे धावले. इतर वेळी हिच्या दारात कुत्रं फिरकत नव्हतं, आता ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. गोजराला केवढा आनंद! रोज सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून कुणा ना कुणाबरोबर कचेरीत जायची आणि कारकुनापुढे बसून धवल्याच्या क्रमानं नावं सांगायची. कारकून नंदकिशोर साताऱ्याकडचा. माणूस वाईट नव्हता, पण कारकून होता.

"बरं, याच्या पुढं कोण?"

"त्याच्यामोरं काशीनाथ. त्याच्यामोरं धर्मा. आन् मंग शिवा."

धवल्यात शेवटी शिवाच येतो, तर ती दुसरं काय सांगणार? नंदकिशोरनं धर्माच्या वर रेघ ओढली आणि लिहिलं, मूळ पुरुष शिवा. असं एक नाही, सव्वीस कागदांवर. गोजराला वाचता येत नव्हतं. शेजारच्या कमळाकरला येत होतं, हायस्कुलात शिकलेला तो. त्यानं आपला कागद वाचला, घडी केली आणि खिशात घातला. शिवाचं पान आपल्याकडे ओटीवर असतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

राहिलं सत्ताविसावं घर, गोजराचं. आणि इथंच घोडं अडलं. धवलारीण आपल्या घरी गात नाही. गोजराच्या सासरी लग्न झालं ते एकच, तिचं स्वतःचं, तेही ती बारा वर्षांची असताना. हळदीत ती पेंगत होती, नावं कोण ऐकतंय! गोटीराम आणि त्याचा बाप सदू, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. सगळ्या गावाच्या पूर्वजांना ओळखणारी बाई घरच्यांना ओळखत नव्हती. तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिच्या हळदीत गायली होती ती सखूआय. तीच तिची गुरू. ती आता लेकीकडे मोरा गावी असायची, ऐंशीच्या पुढे, डोळे गेलेली. गोजरा एसटी बदलत बदलत तिथं पोचली.

"आशी बोलून नाय गो येत नावं," सखूआय म्हणाली. "हलद वाटलेली होवी, मांडव होवा. मंग आपसूक येतान."

"माज्या घरान कुनाचं लगीन लावू, सखूआय?"

म्हातारीनं चाचपत तिचा हात धरला. मग म्हणाली, "दारान तुलस हाय ना?"

कार्तिकात गोजरानं तुळशीचं लग्न लावलं, पण असं की पोटच्या पोरीचंही कुणी लावलं नसतं. सखूआयला मोऱ्याहून घेऊन आली, चार ऊस उभे करून मांडव घातला, हळद वाटली, वडे तळले. बोलावणं घरोघरी केलं होतं. आले फक्त कमळाकर आणि त्याची बायको चारुलता, तेही अक्षता टाकून निघून गेले. कागद मिळाले होते ना सगळ्यांना!

सखूआयनं तुळशीला हळद लावली आणि डोळे मिटून गळा काढला. गोटीराम आला. सदू आला. सदूचा बाप पांडू, त्याचा बाप जानू, त्याचा बाप हिरा. गोजरा एकेक पान माजघरात मांडत गेली. सगळ्यात शेवटी शिवाला हाक आली. सवयीनं ती पान घेऊन ओटीकडे निघाली.

सखूआय गायची थांबली. आंधळ्या बाईला पावलांवरून कळलं. "कुठं चाललीस? ह्या घरान शिवाचं पान आत. माज्या सासूनं, तीबी धवलारीन, मना बजावून सांगलेलं. त्यो हिराचा बापूस. बाकीच्या घरान पावना, हितं घरधनी."

गोजरा माघारी वळली आणि ते पान आत हिराच्या पानाशेजारी मांडलं. मग माजघरात त्या सहा पानांच्या मधोमध बसून हमसून हमसून रडली. गोटीराम गेल्यापासून एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिचं घर भरलं होतं. घर आता जात नाही, हेही तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ती पहिली हजर. नावं घडाघडा सांगितली.

नंदकिशोर हसला. "बाई, हा शिवा तर सगळ्यांचाच मूळ पुरुष दिसतोय. तुमच्याकडे काही पुरावा?"

"हाय ना!" गोजराला दम कुठला निघतोय. "बाकीच्या घरान त्याचं पान वटीवर, पावन्याचं. माज्या घरान आत. त्यो आमच्या रगताचा, त्यांच्या नाय."

नंदकिशोरनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे या सव्वीस वंशावळी खोट्या?"

गोजराला आधी काही उमजेना. मग त्यानं कागद पुढ्यात पसरले, रेघांवर बोट फिरवत एकेक नाव वाचून दाखवलं आणि सांगितलं, "तुमचं खरं असेल तर हे सगळे रद्द करून वर कळवावं लागेल."

पाहुण्याला त्यानं सव्वीस घरांचा बाप करून ठेवलं होतं. तिनं गाणं सांगितलं, त्यानं वंश लिहिला. आता खरं बोलायचं तर सव्वीस घरं मोडणार, पाळण्यातल्या पोरांसकट. आणि ती घरं मोडली तर ती गाणार कुणाकडे? आपल्या एका घरात एक तुळस आणि एक एकटी बाई. खूप वाटलं, बोलावं. माझं आहे ते माझं आहे, का सोडू? कालच तर घर भरलं होतं.

"साएब," ती म्हणाली, "मीच खोटं बोलले. शिवा त्यांचाच. माजा कोन नाय. घर जाईल म्हनून बोलले."

नंदकिशोरनं सव्वीस कागद पुन्हा नीट लावून ठेवले आणि सत्ताविसावा फाडला.

घर माघात पाडलं. तुळस तिनं डब्यात लावली आणि कमळाकरच्या गोठ्याशेजारच्या खोलीत राहायला गेली. त्यानं उपकार केले आणि ते दहाजणांना ऐकवलेही. "आमच्या शिवावर हक्क सांगायला गेली होती. खोटारडी कुठली!" गोजरानं ऐकून घेतलं. खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायची, आणि कधी कधी जेवायचीच नाही.

पुढच्या वैशाखात कमळाकरच्या लेकीची हळद निघाली. धवलारीण दुसरी होती कुठं? गोजराच बसली. गळा तसाच खणखणीत. कमळाकरचा बाप आला, आजा आला, काशीनाथ, धर्मा, सगळे माजघरात बसले. मग तिनं शिवाला हाक मारली. चारुलता पान घेऊन ओटीकडे वळली.

"चारू, वटीवर नको," गोजरा म्हणाली. "आत मांड."

"का वो गोजराबाय? त्यो तं पावना ना?"

"व्हता. पन त्याचं घर पारलं ना माघान. आता त्यानं कुठं जावं?"

चारुलता पान घेऊन आत गेली. कमळाकर ओटीवर उभा होता, त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला. गोजरानं पदरानं तोंड पुसलं आणि नवरीला हळद लावायला बायकांना पुढे बोलावलं.